आकड्यांची बेरीज

परवा दुपारी भाची लॅपटॉप घेऊन आली, म्हणे मामा हे बघ ना, कायतरी येड्यासारखं करतंय. प्रॉब्लेम प्रोग्रामिंगच्या अगदी पहिल्या धड्यातला. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या एका तुकड्यात, अक्षरं आणि आकडे मिसळलेत, ए एक बी दोन सी तीन असे चिकटून, त्यातले आकडे वेचायचे आणि बेरीज सांगायची. उत्तर सहा यायला हवं. तिचं येत होतं ०१२३.

मला जाम हसू आलं. जावास्क्रिप्टचं, म्हणजे ती वापरत होती त्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं, काही चुकलंच नव्हतं, तिने बेरजेच्या सुरुवातीच्या शून्याला "१" जोडला, मग "२", मग "३", आणि ते गुमान रांगेत उभे राहिले. अवतरणचिन्हातला एक हा एक नसतोच, एकाचं चित्र असतं. त्यात गंमत अशी की अधिकच्या जागी वजा असतं तर हेच आकडे मुकाट संख्या झाले असते. असं का, म्हणाली. म्हटलं, बाई, ते त्या भाषेला विचार.

मी शिकलो सी या जुन्या भाषेत. तिथे कॅरेक्टरच्या नंबरातून ४८ वजा करायचे, कारण आस्कीत, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या तक्त्यात, शून्याचा नंबर ४८, साताचा ५५, पंचावन्नातून अठ्ठेचाळीस गेले की हातात सात. बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकांत लिहून बघाल तर शेवटच्या चार बिट्समध्ये तो सात जसाच्या तसा बसलेला असतो. १९६३ चा तक्ता आहे हा, आणि अजून चालतोय.

तिने तो आकडा नंबरमध्ये बदलला, सहा आले, ती गेली. मी बसलो तसाच. कारण हा प्रॉब्लेम मी शाळेत जायच्या आधीपासून सोडवतोय. बाबांसोबत रस्त्याने चालताना समोरून येणाऱ्या गाडीच्या नंबरातली अक्षरं सोडायची, आकड्यांची बेरीज करायची, पुन्हा बेरीज, एकच आकडा उरेपर्यंत, आणि हे सगळं गाडी पुढे निघून जायच्या आत. मी बोटं मोजत असायचो तोवर बाबांचं उत्तर तयार. फार उशिरा कळलं की ते नऊ बघायचेच नाहीत. ४९३५ दिसला की चार, तीन, पाच, बारा, तीन. नऊ गिळला तरी उत्तर तेच येतं. आणि चार-पाच एकत्र दिसले की तेही गिळायचे, म्हणजे खरं तर नुसते तीन बघायचे. याला मी तेव्हा चिटिंग म्हणायचो, अजूनही म्हणतो.

रात्री उगाच हुक्की आली म्हणून पायथन या तिसऱ्या भाषेला आपला मराठी ७ दिला. त्याच्या इंटला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला, तो बरोब्बर सात म्हणून कळला, मला खरंच भारी वाटलं. मग जुन्या सवयीने त्या ७ च्या नंबरातून ४८ वजा केले तर आले २३६५. देवनागरी आकड्यांचा मुक्काम युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या मोठ्या तक्त्यात, लांब आहे, आपला शून्यच २४०६ वर. चूक माझीच, पण सात म्हणजे दोन हजार तीनशे पासष्ट हे बघायला मजा आली एवढं खरं.

आज सिग्नलला थांबलो होतो. पुढच्या गाडीचा नंबर, अक्षरं सोडली, नऊ गिळला, सहा आले. या सहाचं पुढे काय करायचं ते बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेवढ्यात सिग्नल सुटला.