पाच जण, तीन संहिता

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज तिसरं वाचन झालं, नाटक अजून ठरलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी सगळ्यांना 'ठरलं' म्हणून सांगून मोकळा झालो होतो, तो भाग वेगळा.

मी धरून बसलो होतो ते याझ्मिना रेझाच्या 'आर्ट'ला. 1994चं फ्रेंच नाटक. एक जण अफाट पैसे मोजून जवळजवळ कोरा पांढरा कॅनव्हास विकत घेतो आणि त्यापायी तीन मित्रांची मैत्री उसवत जाते. नेपथ्य एकच, भिंतीवरचं चित्र बदललं की घर बदललं. हौशी मंडळींना आणखी काय हवं? पण खरं कारण निदान इथे तरी लिहावं. लग्नपत्रिकेत कुणाची नावं छापायची या भानगडीवर त्या तिघांतल्या इव्हानला धाप लागेपर्यंत चालणारं एक भाषण आहे, आणि ते मला करायचं होतं. म्हणजे नाटक शोधतोय असं म्हणत मी भूमिका शोधत होतो. आम्ही पाच जण, त्यात तीन बायका. नाटकात तीन पुरुष. हा हिशेब मी केलाच नव्हता. वाचनात भाषण मी असं काही रंगवलं, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचं वाक्य कुणाचं हेच कुणाला सापडेना.

मग डंकन मॅकमिलनचं 'लंग्ज', 2011चं. जगाची ही अवस्था असताना मूल होऊ द्यावं का, यावर अडखळणारं जोडपं. लेखकाची अट कडक आहे: रंगमंच रिकामा, वस्तू नाहीत, मूकाभिनय नाही, काळ किंवा जागा बदलली हे प्रकाशाने वा आवाजाने सुचवायचं नाही. वाटलं, चला, खर्च वाचला! पण एका वाक्याच्या अलीकडे एक दिवस आणि पलीकडे दुसराच, आणि वाचणारे आम्ही दोघं अजून अलीकडेच उभे. टेबल-खुर्ची नटाला किती सांभाळून घेते ते त्या दिवशी कळलं. शिवाय उरलेल्या तिघांना प्रकाशयोजना आणि तिकिटं सांभाळा म्हणणं जिवावर आलं.

आज कॅरिल चर्चिलचं 'लव्ह अँड इन्फर्मेशन' काढलं. 2012चं. छोटेछोटे पन्नासहून जास्त प्रवेश, काही तर अर्ध्या मिनिटात संपणारे. वाक्यापुढे पात्राचं नावच नाही. विभागांचा क्रम पाळायचा, विभागातले प्रवेश मात्र आपण हवे तसे लावायचे. घरी एकट्याने वाचलं तेव्हा मला ते अर्धवट वाटलं होतं, खरं तर थोडा रागच आला होता. पहिलाच प्रवेश: एक जण गुपित सांग म्हणून मागे लागलेला, दुसरा शेवटी कानात सांगतो. आपल्याला ऐकू येत नाही. बस्स.

आम्ही तो आई आणि मुलगी म्हणून वाचला. मग नवरा-बायको. मग एकाच गुन्ह्यातले दोघं, तेव्हा खोलीतली हवाच बदलली. शब्द तेच! अर्धा तास नुसता वाद, की यातलं खरं कुठलं. 'आर्ट'च्या वेळी वाद झालाच नव्हता, सगळे माझं कौतुक करून घरी गेले होते.

परवानगीचं पत्र उद्या लिहायला हवं, प्रयोगासाठीही आणि भाषांतरासाठीही. आधी तालमी आणि मग परवानगी हा उद्योग एकदा करून झालाय, सहा आठवडे पाण्यात गेले होते.

निघताना आमची प्रॉम्प्टर थांबली. चार वर्षं विंगेत वही धरून बसलेली, भूमिका नको म्हणणारी. वहीवर बोट ठेवून म्हणाली, "हे कानात सांगायचं आहे ना, ते मी करते. काय सांगायचं ते माझं मी ठरवलंय."

काय, ते सांगितलं नाही.