शेजाऱ्याच्या तळघरातली नाताळची बीअर

इथला एक कायदा ऐकला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. अमेरिकेत सज्ञान माणूस घरच्या घरी वर्षाला १०० गॅलन बीअर बनवू शकतो, म्हणजे साधारण ३७८ लिटर. घरात दोन सज्ञान माणसं असली तर दुप्पट. कर नाही, फक्त विकायची नाही. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि ही सूट आली. त्याआधी घरी वाइन चालायची, बीअर मात्र गुन्हा.

नागपूरला मामाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "एवढी? अन् मंग एक्साइजवाले काय करते बे तिकडं?"

काही करत नाहीत, मामा. माझ्या शेजाऱ्याने ऑक्टोबरातच तळघरात पातेलं चढवलं होतं. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) अर्क, हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि उकळीच्या शेवटी दालचिनी, आलं, जायफळ, संत्र्याची साल. मग यीस्ट टाकून अठरा-वीस अंशांवर आंबवायचं. (आपल्याकडे हे डिसेंबरातच जमेल, मे महिन्यात यीस्टच काय, माणूसही टिकत नाही.) बाटलीत भरताना थोडी साखर घालायची, तिनेच गॅस धरतो. अशा जरा उबदार आंबवणीच्या बीअरला 'एल' म्हणतात. नाताळसाठी मुद्दाम मसालेदार आणि जरा कडक करतात.

रंग तांबूस, वर जाड फेस. पहिला घोट घेतला आणि सर्दीत आजी द्यायची तो काढाच आठवला, फक्त हा थंड आणि वर फेसाळ. दुसऱ्या घोटाला मध कळला, तिसऱ्याला कडवटपणा आवडायला लागला. संत्र्याची साल मात्र पाकिटातली, वाळकी. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या संत्र्याच्या गावचा माणूस समोर बसलाय आणि हा पाकीट फोडतो! मी अंबिया बहारावर, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामावर, छोटं भाषण दिलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं.

खरी आग पुढे लागली. मी मोहाच्या फुलांच्या दारूचा विषय काढला. आमच्या पूर्व विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे झाडाखाली फुलं वेचतात, वाळवतात, सडवा घालतात (म्हणजे पाण्यात आंबवतात), भट्टी लावतात. तुझ्या बीअरइतकीच घरची, तुझ्या बीअरहून जुनी. आणि त्यावर धाडी पडतात, मडकी फुटतात, पेपरात फोटो येतो. इंग्रजांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्याच्या काही भागांत नुसती मोहाची फुलं बाळगण्यावरही कायदा केला होता. गोरा साहेब गेला, तरी संशय राहिलाच की! तुम्हाला तळघरात पिंपभर छंद करता येतो आणि आमच्या गोंड बाईने चूल पेटवली की ती आरोपी?

एवढं बोलून गेल्यावर त्याने साधंच विचारलं, "मग तुमच्या लोकांना ती दारू बंद नको आहे?" आता आली पंचाईत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नाही. लोकांनी, त्यातही बायकांनी, लढून मिळवलेली आहे. वर्धा तर गांधीजींचा जिल्हा, तिथेही बंदी. हे सगळं मी त्याला छाती फुगवून सांगितलं. पाच मिनिटांपूर्वी मी नेमकं उलट बोलत होतो, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही खरं आहे. बाहेरच्यासमोर दोन्ही एका दमात सांगता येत नाही.

मग तो म्हणाला, "फुलं आंबवून वाइन केलीस तर चालेल. पण भट्टी लावलीस तर इथेही केंद्रीय गुन्हा, पाच वर्षांपर्यंत तुरुंग." म्हणजे बीअर-वाइनला माफी आणि ऊर्ध्वपातनाला, म्हणजे भट्टीला, बेडी! खरं सांगतो, मला फार हायसं वाटलं. इतका वेळ आपण मागासलेले वाटत होतो.

दुसऱ्या बाटलीबरोबर मी घरची सांबारवडी काढली (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). तिखटापुढे दालचिनी आणखी गोड लागली. तो सगळ्या वड्या संपवून गेला, आणि पुढच्या वर्षी संत्र्याची साल मी आणायची असं ठरलंय.