ओघळ वर चढत नाही

“मावशी, या डब्यावर पाणी खालून वर गेलंय.”

भाचा नऊ वर्षांचा आहे. मी तासन्‌तास बसून खऱ्यासारखा दिसावा म्हणून रंगांनी मळवलेला मॉडेल रेल्वेचा छोटा मालडबा त्याने हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि हे म्हणाला. मी भिंग घेतलं. खरंच होतं. चाकांकडचा भाग रंगवताना मी डबा फोमवर उलटा ठेवला होता. वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला तपकिरी रंग, जास्त झाला आणि बाजूच्या पत्र्यावरून छपराकडे उतरला. वाळताना ओघळाच्या टोकाला थेंब साचतो, तिथे रंग जाड होतो. डबा सरळ केल्यावर ते सगळे जाड थेंब छपराच्या कडेखाली ओळीने बसलेले दिसत होते. रंग बरोबर होता, ओघळ बारीक होते, पण ते वर चढत होते.

तेव्हापासून डबा मळवायला घेतला की मी आधी पाण्याचा विचार करते. पाऊस कुठे पडला, कुठून वाहिला, कुठे अडला? मालडब्यावरचा बहुतेक मळ या तीन प्रश्नांत सापडतो. छपरावरचं पाणी पत्र्याच्या जोडांवरून खाली येतं. सरकत्या दाराच्या वरच्या पट्टीवर ते थांबतं आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना घसरतं, म्हणून दाराच्या कोपऱ्यांखाली गंजाचे ओघळ जास्त गडद असतात. रिव्हेटच्या डोक्याला वरून धूळ चिकटते आणि खाली बारीक रेघ सुटते. सिमेंटच्या डब्यावर झाकणांच्या आसपास सांडलेलं सिमेंट पावसात भिजून घट्ट बसतं, त्याचे पांढरट पोपडे उतरत्या बाजूने लांबत जातात. टाकीच्या डब्यावर वरच्या तोंडापासून सांडलेल्या मालाचा पट्टा दोन्ही अंगांनी पोटाच्या वळणाला धरून खाली येतो.

डब्याच्या दोन टोकांच्या भिंतींचा हिशेब मात्र वेगळा. तिथे चिखल खालून वर जातो, कारण तो चाकं उडवतात. म्हणूनच रुळांच्या बरोबर वर दोन उभे पट्टे दिसतात, मधला भाग त्यामानाने स्वच्छ. हे पट्टे नसलेला डबा मला अजून पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

आता मी फोटो समोर ठेवल्याशिवाय ब्रश उचलत नाही. फोटोही एकाच डब्याचे. दहा डब्यांवरचं आवडलेलं एकेक घेऊन अकरावा केला, की त्यावर गंज, सिमेंट, तेल, काजळी सगळं एकदम येतं आणि डब्याने नक्की काय वाहिलं ते कळत नाही.

मी एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात काम करते, म्हणजे खऱ्याच्या १:८७. या मापात मॉडेलवरचा १ मिलिमीटर खऱ्या डब्यावर ८७ मिलिमीटर होतो. आपण सहज मारलेली १ मिलिमीटरची गंजाची रेघ खऱ्या पत्र्यावर जवळपास ९ सेंटिमीटर रुंद झाली! एखाद्या रिव्हेटखाली एवढा गंज कधीच नसतो. हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्या दिवशी माझ्या ब्रशचा नंबर बदलला.

कामाची सुरुवात मॅट वार्निशच्या पातळ थराने. चकचकीत प्लॅस्टिकवर वॉश पसरत नाही, त्याचे थेंब होतात. इथे एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. लॅकरच्या मॅट थरावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळलेली शाई लावली, तर वाळल्यावर अख्खा डबा बुरशी आल्यासारखा पांढरा पडला. रात्रभर वाईट वाटत राहिलं. सकाळी त्याच वार्निशचा आणखी एक हात फवारला आणि पांढरेपणा निघून गेला. काही जण उन्हाने विटलेला रंग दाखवायला हाच पांढरेपणा मुद्दाम आणतात. मी मात्र विटलेपणासाठी डब्याच्याच रंगात थोडा पांढरा घालून अगदी पातळ हात देते, त्यावर ताबा राहतो.

ओघळांसाठी तैलरंगच. ट्यूबमधला रंग आधी जाड पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे जास्तीचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि रंग मॅट वाळतो. मग बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरीचा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दाराच्या पट्टीच्या कोपऱ्याखाली. थोडा वेळ थांबायचं. चपटा ब्रश तैलरंग पातळ करणाऱ्या व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून कापडावर इतका पुसायचा की कोरडा वाटावा, आणि एकदाच, सरळ खाली ओढायचा. ठिपका विरत जातो, वर गडद, खाली जवळपास नाहीसा. जास्त झालं तर स्पिरिटने पुसून पुन्हा. खाली ॲक्रिलिकचा थर पक्का वाळलेला असेल तर स्पिरिट त्याला हात लावत नाही. ही सवड मला फार मोलाची वाटते, कारण माझा पहिला ठिपका हमखास मोठा पडतो.

गंजात नारिंगी सगळेच जास्त वापरतात, मीही वापरायचे. जुना गंज चॉकलेटी, जवळपास काळपट असतो. नारिंगी म्हणजे ताजा. रंग जिथे पहिल्यांदा उडाला तो मधला भाग सगळ्यात जुना, म्हणून गडद. कडेला गंज अजून पसरतो आहे, तिथे थोडं नारिंगी. स्पंजच्या तुकड्याने गडद ठिपका आणि कडेला नारिंगीची नुसती चाहूल, इतकंच.

चाकांकडे लोक लक्ष देत नाहीत याचं मला वाईट वाटतं. तेलावर चालणाऱ्या जुन्या बेअरिंगमधून तेल झिरपायचं, ते चाकाच्या तोंडावर उडायचं आणि त्यात धूळ बसून काळं किटण जमायचं. नंतरच्या रोलर बेअरिंगच्या चाकांवर ते नसतं, ती कोरड्या गंजाच्या रंगाची असतात. डबा कुठल्या काळातला हे चाकावरूनही कळतं. चाकाचा रुळावर टेकणारा भाग मात्र पुसून लख्ख ठेवावा, नाहीतर रंग रुळांवर पसरतो. डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलरला रंग लावूच नये, तो अडकतो. कोरड्या रंगाच्या पावडरचा हलका हात पुरतो. पावडरीचं आणखी एक, वार्निश फवारलं की ती अर्धी दिसेनाशी होते. म्हणून धुळीचा शेवटचा थर मी तसाच सोडते आणि डबा बुडाला धरून उचलते.

शेवटी नंबर. यार्डातल्या माणसाला नंबर वाचायचा असतो, तो हाताने तेवढीच जागा पुसतो. कापसाच्या काडीला स्पिरिटचा स्पर्श करून मीही आकड्यांवरून एकदा फिरवते. भोवतीच्या धुळीतून तेवढे आकडे उजळ निघतात आणि त्या डब्याला कुणाचा तरी हात लागल्यासारखं वाटतं.

तो उलट्या ओघळांचा डबा मी पुसला नाही, गाडीत शेवटून दुसरा लावला आहे. सध्या टेबलावर हॉपर, म्हणजे तळातून रिकामा होणारा धान्याचा डबा आहे. बाजूंचे ओघळ काल झाले, तैलरंग वाळायला अजून चार-पाच दिवस तरी जातील. तोवर डबा चाकांवर सरळ उभा राहील. भाचा रविवारी येणार आहे, भिंग त्याच्याच हातात द्यायचं ठरवलंय.