रांग 14, डावीकडचं लॉकर

पुणे-दिल्ली, रात्रीची फ्लाइट, ए320, आम्ही चौघं क्रू. सर्व्हिस अर्ध्यावर आली होती, ट्रॉली सतराव्या रांगेपाशी. 14 सी वरच्या काकांनी हात वर केला. "मॅडम, वरून कसलातरी गोडसर वास येतोय बघा. नेलपॉलिशसारखा."

इतकं नेमकं वर्णन मी ट्रेनिंगच्या वर्गातही ऐकलेलं नाही. जळक्या वायरचा वास वेगळा, ओव्हनमध्ये करपलेल्या जेवणाचा वेगळा. हा गोडसर वास बॅटरीतल्या इलेक्ट्रोलाइटच्या द्रावकाचा. सेल आतून तापून फुगला आणि त्याची शिवण उसवली की तो बाहेर पडतो. तो आला म्हणजे धूर मागोमाग येणारच.

डोक्यावरच्या सामानाच्या लॉकरच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावायची, तळहात नाही. तळहात पोळला तर पुढे काहीच धरता येत नाही. झाकण गरम होतं आणि फटीतून पांढरा धूर सुटायला लागला होता. ट्रॉलीवरच्या ज्युनिअर मुलीने बॅग खाली ओढायला हात घातला. तिला थांबवलं. तिची चूक म्हणता येणार नाही, घरात काही पेटलं तर कोणीही तेच करेल. पण पेटती बॅटरी हलवली की हातात किंवा खालच्या माणसाच्या मांडीवर फुटते. शिवाय झाकण सताड उघडलं की आतल्या आगीला एकदम भरपूर हवा मिळते.

अशा वेळी कामं तीन. एकाने आग विझवायची, एकाने इंटरफोन सोडायचा नाही, एकाने सामान पुरवत राहायचं. चौथा प्रवासी हलवतो. जो आधी पोचला तो फायर फायटर, सीनियर-ज्युनिअर नंतर. मी जवळ होते म्हणून पीबीई मी चढवला. पीबीई म्हणजे डोक्यावर ओढायचा धूररोधक हूड. ऑक्सिजन साधारण 15 मिनिटं पुरतो. त्याचं सीलबंद पाकीट घाईत फाटत नाही, आणि अंबाड्यातले केस मानेच्या रबरी पट्टीत अडकले तर धूर आत शिरतो. यात सात-आठ सेकंद सहज जातात. हूडमधून बोललेलं इंटरफोनवर धड कळत नाही, म्हणून फोनवरच्याने तो घालायचा नसतो.

मागच्या जम्पसीटवरून, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवरून, कॅप्टनना निरोप गेला: रांग 14, डावं लॉकर, पांढरा धूर, बॅटरीचा संशय, बीसीएफ वापरतोय. एवढंच. बीसीएफ म्हणजे हॅलॉन वायूची आग विझवायची बाटली. "आग लागली" असं नुसतं ओरडून कॉकपिटला काही ठरवता येत नाही. कुठे, काय, किती, आतापर्यंत काय केलं, हे दर दोन मिनिटांनी सांगत राहायचं. आम्ही इंदूरच्या आसपास होतो. कॅप्टन म्हणाले, उतरायला 18 मिनिटं.

झाकण नोझल शिरेल एवढंच उघडलं, बाटली उभी धरून हॅलॉन सोडला आणि झाकण पुन्हा लावलं. बीसीएफची बाटली दहाएक सेकंदांत रिकामी होते. आडवी धरली तर दाब निघून जातो आणि हॅलॉन तळाशी राहतो. उघडून पाहिलं तर ज्वाला नव्हती. लॅपटॉपची नायलॉनची सॅक, पुढचा कप्पा वितळून काळी कड आलेली, आत पॉवर बँक. आसपासच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांची ती वेळ नव्हती. हॅलॉन ज्वाला मारतो, उष्णता नाही. साधी आग हवा तोडली की मरते. लिथियम बॅटरीचा कॅथोड, म्हणजे धन बाजूचा थर, तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे बाहेरून घोटलेली आग आत चालूच राहते. 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेत बहुधा दोन चपटे सेल एकमेकांना चिकटलेले असतात. पहिला जळून सहाशे अंशांच्या घरात गेला की दुसऱ्यातला प्लॅस्टिकचा पातळ पडदा दीड-दोनशे अंशांच्या आतच वितळतो, आणि त्यालाही शॉर्ट बसतो. मिनिटभरातच "फट्" असा आवाज आला आणि वितळलेल्या कप्प्यातून वीतभर ज्वाला बाहेर आली. दुसरा सेल. दुसरी बाटली मारली आणि त्याच क्षणी पाणी मागितलं.

पाणी ट्रॉलीवर होतं, पण ट्रॉली वाटेत आडवी. आधी बाटल्या सीटवर उतरवून घेतल्या आणि मग ती मागे गॅलीत, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरात, नेऊन ब्रेक लावला. अर्ध्या लिटरच्या बाटल्यांची झाकणं हातमोजे घालून उघडत नाहीत, म्हणून पुरवणाऱ्याने उघडूनच द्यायच्या. पहिल्या चार बाटल्या थेट वितळलेल्या भोकात. फुस्स करून वाफ येते, तोंड बाजूला ठेवायचं. त्याच सॅकमध्ये लॅपटॉप होता, म्हणजे आणखी एक बॅटरी या निखाऱ्याला टेकून बसलेली. म्हणून पाणी पॉवर बँकेपुरतं थांबवलं नाही, अख्खी सॅक भिजवली. एकूण तेरा बाटल्या, साडेसहा लिटर. लॉकरमधून खालच्या सीटवर, वाचायच्या दिव्यांवर पाणी गळत होतं, म्हणून सीटचे चार्जिंग पॉइंट बंद करून घेतले. पाणी संपलं असतं तर ज्यूस, सोडा, थंड पेय, दारू सोडून काहीही चाललं असतं.

"बर्फ टाका ना, बर्फ!" असं मागून कोणीतरी ओरडत होतं. एका बाईंनी शाल पुढे केली. दोन्ही चांगल्या मनाने, दोन्ही चूक. बर्फाचे खडे किंवा शाल बॅटरीवर बसली की पांघरुणासारखी उष्णता कोंडतात. वाहतं पाणी ती ओढून नेतं.

बारा ते सोळा या रांगा तोवर रिकाम्या केल्या होत्या. सुदैवाने पुढे वीसेक सीट मोकळ्या होत्या. लोकांना वाकून बसायला आणि ओल्या नॅपकिनने नाक-तोंड झाकायला सांगितलं, कारण या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. सगळ्यांत त्रास मोबाइलवर शूटिंग करत आइलमध्ये उभ्या असलेल्यांचा झाला. त्यांना ढकलूनच बसवावं लागलं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

पीबीई काढताना एक गोष्ट हटकून विसरली जाते. केसांत ऑक्सिजन भरलेला असतो. आगीपासून लांब, गॅलीत जाऊन काढायचा आणि केस झटकायचे. तसंच ज्वालेजवळ गेलं तर केस पेट घेतात.

दहा मिनिटं काहीच हललं नाही, वाफही थांबली. तेव्हा कुठे सॅक उतरवली, फायर ग्लव्ह्ज घालून. गॅलीतल्या अॅल्युमिनियमच्या डब्यात पाणी भरून पॉवर बँक बुडवली आणि डबा मागच्या टॉयलेटमध्ये सांडणार नाही असा पक्का केला. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू साठतो. लँडिंगला बसेपर्यंत एकजण त्यावर डोळा ठेवून होता.

मालक 15 बीचा मुलगा निघाला. पॉवर बँक महिनाभरापूर्वी हातातून पडली होती, तेव्हापासून "थोडी फुगली" होती, पण चार्ज होत होती. आकड्यांत पॉवर बँक नियमात बसत होती: 20,000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट भागिले हजार, म्हणजे 74 वॉट-अवर. विमानात न्यायला 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला एअरलाइनची लागते, त्यापुढे बंदी. फुगवटा मात्र कुठल्याच लेबलवर छापलेला नसतो. आणि लॉकर बंद असतं. ती सीटखाली असती तर काकांच्या नाकावर विसंबावं लागलं नसतं, मुलाला पायालाच चटका लागला असता. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या ए321 च्या लॉकरमधून आग निघाली, 176 माणसं घसरगुंड्यांवरून उतरली आणि विमानाचं छत जळून गेलं. संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर कोरियाने 1 मार्चपासून पॉवर बँका लॉकरमध्ये ठेवायलाच मनाई केली.

इंदूरला अग्निशमनवाल्यांनी डबा तसाच पाण्यासकट नेला. इंजिनिअरने लॉगमध्ये दोन बीसीएफ, एक पीबीई, चार सीट कुशन्स ओली, अशी नोंद केली. ते बदलल्याशिवाय विमान हलणार नव्हतं. मुलगा शिडीपाशी उभा होता. लॅपटॉप सुरू होईल का, असं विचारत होता. सुरू करून बघू नकोस, असं त्याला तीनदा सांगितलं.