बंद गळा

मंगळवार, रात्री साडेअकरा

शिंपीणबाई माप घेताना न विचारताच म्हणाल्या होत्या, "बंद गळाच ना, ताई?" मी हो म्हटलं. माझी बायपास झाल्यापासून, गेल्या आठ महिन्यांत, सगळे ब्लाउज तसेच शिवलेत. काल साखरपुड्यात वन्संच्या जाऊबाई चौकोनी, खोल गळ्याच्या ब्लाउजमध्ये समोर आल्या, तोवर मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

त्यांची बायपास झालेली माहीत होती. रोबोटनं झाली, हे माहीत नव्हतं. हात धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दाखवलं. डाव्या स्तनाखालच्या घडीत एक छोटी चीर आणि बरगड्यांमधे तीन बारीक खुणा. बस्स. रोबोटच्या हातांनी छातीच्या आतली मॅमरी धमनी सोडवून घेतली, हृदय चालू असतानाच ती एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, जोडली आणि दुसऱ्या ब्लॉकमधे चार दिवसांनी स्टेंट घातला. हायब्रिड म्हणतात याला. तीन आठवड्यांत त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

माझं छातीचं हाड मधोमध कापून तारांनी परत बांधलंय. गळ्याच्या खळगीपासून खाली वीतभर रेघ. बायपाससाठी पायातली शीर काढली, ती पायावरची रेघ आणखी वेगळी. तीन महिने कुशीवर झोप नाही, खोकला आला की उशी कवटाळायची. आणि एक गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती, की छातीचा भार जखमेला दोन्हीकडून ओढतो. आतले कपडे घालायचे की नाही, कसले घालायचे, कुणाला विचारणार? राउंडला येणारे सगळे पुरुष डॉक्टर. शेवटी एका नर्सनं कानात सांगितलं, पुढून हुक असलेली आणा, मऊ, रात्रीसुद्धा काढू नका.

मला का नाही सांगितलं कुणी?

काल रात्रभर वाचत बसले. रोबोटच्या मदतीनं बायपास 1998 पासून होतेय. म्हणजे हे काही काल-परवाचं नाही. अमेरिकेतल्या 2011 ते 2020 मधल्या जवळजवळ 13 लाख बायपासचा हिशेब सापडला. त्यात बायका चौथा हिस्सा. ऑपरेशनमधे दगावण्याचं प्रमाण पुरुषांत शंभरात 1.7, बायकांत 2.8. आमच्या धमन्या बारीक, मधुमेह जास्त, आणि आम्ही येतोच उशिरा. पाठ दुखतेय, जबडा दुखतोय, पित्त झालं असेल. आईचंही असंच... नको, ते आज नको.

म्हटलं, मग बायकांना तर ही छोट्या चिरेची पद्धत आधी सांगायला हवी. हाड कापलं जात नाही, रक्त कमी जातं, मधुमेहात ते हाड चिघळायची भीती असते तीही टळते. पण फक्त बायकांमधे दोन्ही पद्धती ताडून पाहणारे अभ्यास थोडे, आणि तेही लहान. मी रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

आज सकाळी फाईल काढली. तीन धमन्यांत ब्लॉक. मधुमेह. दुसरी धमनी बारीक आणि लांबवर खराब. हायब्रिड जमायला उरलेले ब्लॉक स्टेंटजोगे असावे लागतात, माझे नव्हते. मधुमेहात अनेक धमन्या खराब असतील तर स्टेंटपेक्षा बायपास बरी, हे 2012 च्या फ्रीडम नावाच्या मोठ्या अभ्यासात आलंय. म्हणजे माझं जे केलं ते बरोबरच केलं. वाचून जरा शांत वाटलं. रेघेवरून बोट फिरवलं, ती आता पांढरी पडत चाललीय.

दुपारी जेवताना यांना सहज विचारलं. म्हणाले, "अगं, डॉक्टर बोलले होते रोबोटचं. तुझ्यात बसत नाही म्हणाले. तुला उगीच कशाला घोर, म्हणून आम्ही बोललो नाही."

आम्ही. हे आणि मुलगा, बाहेर पॅसेजमधे. मी आत पलंगावर जागी होते, पेपर वाचत होते.

तेव्हा कळलं मला काय टोचत होतं ते. चिरेचं नव्हतं. मीही हाच निर्णय घेतला असता. पण छाती माझी होती, मला विचारून "नाही" म्हणायला हवं होतं. ते मी यांना सांगितलं, आवाज न चढवता. यांनी घास खाली ठेवला. काही बोलले नाहीत. चांगला माणूस आहे, घाबरला होता तेव्हा, मला दिसत होतं.

पुढच्या तपासणीला केबिनमधे आधी मी जाणार, हेही सांगून टाकलं.

संध्याकाळी वन्संच्या जाऊबाईंना फोन केला. एकच विचारायचं होतं, डावीकडे बधिर वाटतं का. क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "अजून वाटतं हो. साबण लावताना कळतच नाही." मलाही तसंच. छातीतली ती मॅमरी धमनी दोघींचीही काढलीय ना. मग अर्धा तास आम्ही तेवढंच बोलत होतो.