शुभेच्छुकांचं पान

गणेश चवथ तोंडावर आली की आमच्या घुमट आरतीच्या (घुमट म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य) ग्रूपला जाग येते. एरवी नुसती सकाळची फुलं आणि सुविचार. मग कुवेतहून कुणीतरी विचारतं, आमच्या वाड्यावरच्या चालीचं रेकॉर्डिंग आहे का रे कुणाकडे?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात वाड्यावाड्यांवर फिरून आम्ही आरत्या रेकॉर्ड करतो आणि नेटवर ठेवतो. मी खजिनदार. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा. माइक, स्कूटरचं पेट्रोल, साठवणीचं भाडं; खर्च फार नाही, पण दर वर्षी उभा राहतोच. पहिली दोन वर्षं तो माझ्याच खिशातून गेला.

पोरं म्हणाली, जाहिराती लावू. यूट्यूबवर त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास बघितलं जाणं लागतं. शिवाय 100 डॉलर साचेपर्यंत पैसा हातात पडत नाही. चवथीचे दिवस सोडले तर घुमट कोण ऐकतं? तरी रखडत-रखडत पोचलो एकदाचे. कसल्या जाहिराती नकोत ते आधी ठरवता येतं, ते करायचं मात्र मी विसरलो. शामेळ वाजवणारे आमचे काका नातवाच्या मोबाइलवर स्वतःचं वादन ऐकायला बसले, तर आधी प्लॉटची जाहिरात. समोर शेत, मागे हिरवागार डोंगर. काका म्हणाले, "आमचोच दोंगर मरे तो!"

त्याच रात्री जाहिराती बंद केल्या.

तेव्हा आठवली जत्रेच्या नाटकाची स्मरणिका. तिच्यातल्या 'शुभेच्छुक' पानामुळे कुठल्या किराणावाल्याचं गिऱ्हाईक वाढलंय? त्याचा पोरगा नाटकात शिपायाचं काम करतो, म्हणून तो अर्धं पान घेतो. ती वर्गणीच, पावतीवर फक्त 'जाहिरात' लिहिलेलं असतं. मी तेच उचललं. एका रेकॉर्डिंगचा खर्च एकाने द्यायचा, सुरुवातीला त्याचं नाव वाचायचं.

बाकीच्यांसाठी क्यूआर कोड, महिना 100 रुपये. मोठी रक्कम मी मुद्दाम घेत नाही. एकाने 10,000 देऊ केले आणि लगेच म्हणाला, आमच्या वाड्याची आरती सगळ्यांच्या वर ठेव. नको म्हटलं.

खरी पंचाईत स्विंडनची, म्हणजे इंग्लंडातल्या त्या शहरात जाऊन राहिलेल्या आमच्या गोंयकारांची. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवले तर अडचण नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की माणूस कायद्याने परदेशी, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्याची देणगी घ्यायची तर 2010 च्या परदेशी देणगी कायद्याखाली संस्थेची नोंदणी हवी. आमची कसली संस्था? वाड्यावरच्या एका पोराला हे फोनवर समजावलं, तर तो गप्पच झाला. मग म्हणाला, "चवथीला आरती म्हणायला येतो तेव्हा मी कोण असतो?" मला उत्तर सुचलं नाही.

यंदाच्या पहिल्या रेकॉर्डिंगचे पैसे बाजारातल्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने दिले. घुमट काही एकट्या आरतीचं नाही, ख्रिस्ती घरांतल्या मांडो गाण्यांनाही तेच. बेकरीचं नाव कसं वाचू, म्हणून विचारायला गेलो. भट्टीतून पाव काढता काढता, मागे न बघता तो म्हणाला, "बेकरेचें नाका. म्हजो पाय (बाप) घुमट वाजयतालो. ताचें नांव घाल."