चौतीस मिलिमीटर

जर्मनीतल्या ड्रान्सफेल्डजवळच्या रस्त्याच्या मोजणीचं जाळं त्या संध्याकाळी काही केल्या बसेना. एका खुणेकडे जाणाऱ्या तिन्ही लांब्या जास्त येत होत्या. त्या गाळून नुसत्या कोनांवर हिशेब केला, तर सगळं कसं छान जुळत होतं. थकलो होतो, गाळल्या.

"का काढल्यास?" वरिष्ठांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते रागावले नाहीत. पाकिटातून त्यांनी जुनी दहा मार्कांची नोट काढली. पुढे जर्मन गणिती गाउस आणि त्यांचा घंटेसारखा वक्र, मागे त्यांनी मोजलेल्या त्रिकोणांचं जाळं. मी रोज वापरतो ती, उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी लघुतम वर्ग पद्धत फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी १८०५ मध्ये आधी छापली हे खरं. पण निरीक्षणातल्या चुका कशा विखुरतात, याच्याशी तिचा सांधा १८०९ मध्ये गाउस यांनी जोडला. चुका इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील, तर ही पद्धत त्या न्यायानं वाटून देते. तिन्ही एकाच बाजूला झुकल्या असतील, तर वाटून काय उपयोग? आधी कारण शोधायला हवं.

सकाळी पुन्हा मोजणीच्या जागी गेलो. कोन आणि लांबी मोजणाऱ्या यंत्रात, टोटल स्टेशनमध्ये, त्या खुणेवरच्या किरण परतवणाऱ्या प्रिझमचा स्थिरांक, म्हणजे लांबीत करायची ठरावीक दुरुस्ती, दुसऱ्याच जातीच्या प्रिझमचा भरलेला. फरक ३४ मिलिमीटर. भरणारा मीच. दुरुस्ती करून तिन्ही लांब्या हिशेबात परत घेतल्या, आणि शिल्लक फरक दोन मिलिमीटरच्या आत आले.

दुपारी जवळच्या होहर हागेन डोंगरावर चढलो. पायाखाली बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीतला तोच काळा कातळ. त्याच्याच खाणीपायी इथला गाउस यांच्या नावाचा जुना मनोरा १९६३ मध्ये कोसळला. आता नवा उभा आहे. हॅनोव्हर राज्याच्या मोजणीसाठी चाळिशी ओलांडलेले गाउस १८२१ पासून उन्हाळ्यामागून उन्हाळे रानोमाळ हिंडले. युरोपभर नाव झालेला गणिती स्वतः दुर्बिणीला डोळा लावून उभा, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. लांबच्या खुणा दिसाव्यात म्हणून त्यांनी आरशानं ऊन परावर्तित करणारा हेलिओट्रोप बनवला. पुढे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही हेलिओट्रोप चमकले. हा डोंगर, ब्रोकेन आणि इन्सेल्सबर्ग या तीन शिखरांचा त्यांचा त्रिकोण तर प्रसिद्धच: बाजू सुमारे ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून जवळपास १५ सेकंदांनी जास्त भरते. अंशाचे ३,६०० भाग केले, तर त्यातले पंधरा. तेही त्यांनी सोडले नाहीत.

मनोऱ्यावरून ईशान्येला ब्रोकेन धूसर दिसत होता. खाली आलो आणि कालचा अहवाल स्थिरांकाच्या चुकीच्या नोंदीसह पुन्हा लिहायला घेतला.